मास्टरांची हवाईयन

बेबीने पन्नाशी केव्हाच ओलांडली होती, पण घरात, जिन्यात आणि कामावर ती बेबीच राहिली. शाळेच्या दाखल्यावर तिला चांगलं भारदस्त नाव होतं. ते कुणी वापरलं नाही, आणि न वापरून न वापरून तिलाही ते शेजारणीचं असावं तसं वाटायला लागलं होतं.

बेबी कवळ्या करायची. दातांचे डॉक्टर रोग्यांच्या तोंडाचे ठसे पाठवत आणि एका लांबट खोलीत, खिडकीजवळच्या बाकावर बसून बेबी गुलाबी मेणात एकेक दात उभा करी. माणूस हसला तर किती दात दिसावेत, जिभेला कुठे टोचू नये, या वयाला फार पांढरे दात चोरीचे वाटतील की काय, हे सगळं तिला नुसत्या ठशावरून कळे. हात इतका हलका, की मालक नव्या मुलींना तिच्या बाकापाशी उभं करून म्हणत, "बोलू नका, नुसतं बघा." ज्यांची तोंडं तिने जन्मात पाहिली नाहीत, असे कितीतरी लोक तिच्या दातांनी जेवत होते.

तिच्या वडिलांची कवळीही तिनेच केलेली. इतकी घट्ट आणि बेतशीर बसलेली, की त्यांचे शब्द तरुणपणापेक्षा स्वच्छ येत. त्याच कवळीने ते रोज सकाळी चहाबरोबर बेबीला टाकून बोलत. आपण घडवलेले दात आपल्यालाच चावावेत, याला नशीब म्हणा नाहीतर कारागिरी म्हणा.

वडिलांना सगळे मास्टर म्हणत. ही पदवी त्यांना कुणी समारंभाने दिली होती असं नाही. तरुणपणी ते एका मोठ्या हॉटेलातल्या नाचाच्या हॉलमध्ये, बँडात हवाईयन गिटार वाजवायचे. बँडात सगळेच एकमेकांना मास्टर म्हणत. ड्रमवाला मास्टर, बाजावाला मास्टर, पेट्या उचलणाराही मास्टर. पुढे बँड मोडला. बाकीच्यांनी दुकानं टाकली, नोकऱ्या धरल्या आणि पदवी हॉलमध्येच सोडून दिली. यांनी ती घरी आणली आणि त्यानंतर दुसरं फारसं काही आणलं नाही. घर आधी बायकोने चालवलं, मग मुलीने.

हवाईयन म्हणजे छातीशी कवटाळून वाजवायची गिटार नव्हे. ती मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून घसरवत न्यायची. कांडी केसभर अलीकडे राहिली तर सूर उतरतो, केसभर पुढे गेली तर चढतो. थांबायचं कुठे ते कानानेच ठरवायचं. मास्टरांची गिटार विजेवर चालणारी, जुन्यातली जुनी. गडद तपकिरी लाकडाचा भरीव तुकडा, दोन काळी बटणं, आणि तारांवर कमानीसारखे वाकलेले दोन जाड लोहचुंबक. तारेची थरथर या चुंबकांनी पकडायची, वायरीतून आवाज मोठा करणाऱ्या डब्यात पाठवायची आणि डब्याने गायची. वीज बंद केली की ती गिटार मुकीच.

आणि लाकडावर, तारांच्या शेजारी, सोनेरी रंगात वेलबुट्टीसकट मास्टरांचं नाव. गिटार घेतली त्याच वर्षी त्यांनी पाट्या रंगवणाऱ्या एकाला गाठून ते काढून घेतलं होतं. हॉलच्या शेवटच्या टेबलावरूनही वाचता आलं पाहिजे, ही अट. लोक तिथे नाचायला येत, वाचायला नव्हे, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो माणूस त्यांच्या दृष्टीने बहिरा ठरला असता.

लहानपणी बेबीने एकदाच त्या गिटारीला हात लावला. कांडी उचलली, तारांवर टेकवली, एक किंचाळी निघाली. मास्टरांनी तिच्या हातातून कांडी काढून घेतली आणि त्याच कांडीने तिच्या बोटांवर मारलं. मग म्हणाले, "हिच्या हातात सूर नाही." तपासणी संपली. हे वाक्य पुढे त्यांनी तिच्या आईसमोर म्हटलं, पाहुण्यांसमोर म्हटलं, आणि तिला बघायला आलेल्या एका बऱ्यापैकी मुलासमोरही म्हटलं. मुलगा सूर शोधत नव्हता, बायको शोधत होता. पण असा सासरा पाहून तो जो गेला तो गेलाच.

पण बेबी वाजवायची. मास्टर संध्याकाळी बागेतल्या बाकावर आपल्या वयाच्या मंडळींना हॉलच्या गोष्टी सांगायला जात, तेव्हा ती गिटार पेटीतून काढून टेबलावर ठेवी. डबा लावायची सोय नव्हती. तो तापायचा आणि मास्टर आल्या आल्या त्यावर हात ठेवून बघायचे. म्हणून ती वाकून आपला जबडा लाकडाच्या कडेला टेकवी आणि वाजवी. दातांचं काम करणाऱ्याला ठाऊक असतं, हाडातून आवाज चांगला जातो. खोलीत शुकशुकाट आणि बेबीच्या डोक्यात पूर्ण हॉल. अशी ती कितीतरी वर्षं शिकली, आणि तिचं शिकणं तिच्या एकटीच्या कवटीबाहेर कधी गेलं नाही.

तिला हवं होतं ते एवढंच. मास्टरांनी आपल्या हाताने ती गिटार तिच्या मांडीवर ठेवावी, डबा लावावा आणि म्हणावं, वाजव. त्यांच्यामागे गिटार तिलाच मिळणार होती, दुसरं होतं कोण? पण तसं मिळणं म्हणजे मेलेल्याच्या खिशातून काढणं. तिला ती दिलेली हवी होती.

मध्येच हातमोजेवाले आले.

डबा बिघडला म्हणून बेबीने तो रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे नेला होता. या डब्यावर काय वाजतं, असं त्याने विचारलं, तिने सांगितलं, आणि त्याने ते आणखी कुणाला सांगितलं. पुढच्या रविवारी एक नीटनेटके गृहस्थ दारात उभे राहिले. जुन्या विजेच्या गिटारींचा त्यांचा संग्रह होता. आवाज मऊ, बूट चकचकीत. बसल्यावर त्यांनी खिशातून पांढरे सुती हातमोजे काढले, एकेक बोट नीट ओढून घातलं आणि मगच म्हणाले, "बघू शकतो का?"

मास्टरांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत त्यांच्या गिटारीसाठी हातमोजे घालणारा पहिला माणूस.

हातमोजेवाल्यांनी गिटार उजेडाकडे धरून पाहिली. पाठ पाहिली, खुंट्या पाहिल्या, चुंबकांखाली आरसा घालून पाहिलं, लाकडाचा वासही घेतला. "हे कधी उघडलं नाही ना?" त्यांनी विचारलं. "स्क्रू मूळचेच दिसतात."

"माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही," मास्टर म्हणाले.

"वा," हातमोजेवाले म्हणाले. "फार छान."

मग मास्टरांनी वाजवून दाखवलं. बेबी चहा घेऊन दारात थांबली. मास्टरांचा डावा हात आता थरथरायचा. कांडी हव्या त्या जागेच्या अलीकडेच थांबायची आणि तिथेच हलत बसायची. जी धून हॉलमध्ये जोडप्यांना एकमेकांच्या खांद्यावर झोपवायची, ती आता दारुड्यासारखी भिंत धरत चालली होती. हातमोजेवाले डोळे न मिटता ऐकत होते. त्यांची नजर मास्टरांच्या हातावर नव्हती, चुंबकांवर होती. धून भलतीकडे जाऊन संपली, तरी ते त्याच मऊ आवाजात म्हणाले, "वा. ताकद अजून शाबूत आहे."

मास्टरांना वाटलं, आपली.

त्यानंतर हातमोजेवाले दर रविवारी यायला लागले. मास्टर सकाळपासून दाढी करून, कोट चढवून बसत. घरात बोलण्याचा विषय दुसरा राहिला नाही. "त्यांच्याकडे काचेचं दालन आहे," ते बेबीला सांगत. "आत मंद दिवे. प्रत्येक गिटारीखाली वाजवणाऱ्याची माहिती. माझं तर नाव लाकडावरच आहे, पाटीसुद्धा नको." पाटीचा खर्च वाचवल्याचं श्रेयही त्यांनी स्वतःकडे घेतलं.

एका सकाळी बेबीने धीर करून म्हटलं, "बाबा, गिटार त्यांना देणार आहात का?"

"का? तुला काय करायचीय?"

"मला हवी आहे."

मास्टरांनी चहाचा कप खाली ठेवला. "कशाला? पाट म्हणून बसायला?"

"वाजवायला."

"बरं," मास्टर म्हणाले. "रविवारी वाजव. त्यांच्यासमोर वाजव. जाणकार माणूस आहे, तोच काय ते सांगेल."

ते असं सरळ म्हणतील याची बेबीला कल्पना नव्हती. तो सगळा आठवडा ती कामावर मेणात दात लावत होती आणि बाकाखाली मांडीवर बोटं चालवत होती. मालकांनी विचारलं, बरं नाही का? ती म्हणाली, बरं आहे, आणि हसली.

रविवारी हातमोजेवाल्यांसमोर मास्टरांनी खरंच गिटार उचलून बेबीच्या मांडीवर ठेवली. डबा लावला. "वाजव," म्हणाले.

बेबीने मास्टरांचीच धून घेतली. पहिला सूर डब्यातून बाहेर आला आणि ती दचकली. इतकी वर्षं जो आवाज तिच्या एकटीच्या हाडांत होता, तो खोलीत सगळ्यांना ऐकू येत होता. कांडी सरकली आणि बरोबर जागेवर थांबली. पुन्हा सरकली, पुन्हा थांबली. शेजारच्या घरातलं बोलणं बंद झालं. बेबीने मान वर केली नाही, नाहीतर मास्टरांचं तोंड दिसलं असतं. ते पांढरं पडलं होतं. बहिऱ्यालाही कळलं असतं असं ते वाजवणं होतं, आणि मास्टर बहिरे नव्हते.

ते पुढे झाले, वाकले, आणि धून वर चढत असताना गिटारीचं एक काळं बटण त्यांनी फिरवून बंद केलं. आवाज गेला. बेबीची कांडी सवयीने आणखी थोडी पुढे गेली, मग थांबली.

"ऐकलंत?" मास्टर हसून पाहुण्यांकडे वळले. "आमच्या घरात हे असं. दात कोरणाऱ्या हाताने गाणं कोरायला निघाल्या."

हातमोजेवाल्यांनी ऐकलं होतं की नाही, देव जाणे. ते बेबीला म्हणाले, "ताई, तुमच्या हाताचं तेल लागतं चुंबकांना. जरा पुसून घेता का?"

बेबीने पुसून दिलं.

त्या रात्री ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी चहा देताना मात्र म्हणाली, "बाबा, तो माणूस ऐकत नाही. नुसता बघतो."

"जळतेस," मास्टर म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझी किंमत केली, तर घरातलंच माणूस जळतंय. तुझ्या आईलाही कधी काही कळलं नाही. तू तिच्याच वळणावर गेलीस."

आणि पुढच्याच रविवारी त्यांनी गिटार देऊन टाकली. हातमोजेवाले भावाचं बोलायला लागले तर मास्टरांनी हात वर केला. "कला विकायची नसते," म्हणाले. "तुमच्या दालनात ती राहील, एवढं मला पुरे." हातमोजेवाल्यांनी एकदा नको म्हटलं, दुसऱ्यांदा म्हणायला विसरले, आणि पिशवीतून बारीक पेचकसांचा संच बाहेर काढला.

गिटार टेबलावर उताणी ठेवून त्यांनी तारा सैल केल्या, काढल्या, गुंडाळल्या. मग बटणं काढली. मास्टर कौतुकाने बघत होते. "प्रवासात धक्का लागू नये म्हणून," ते बेबीला समजावून म्हणाले. "मोलाची वस्तू अशी सुटी करूनच नेतात. तुला काय माहीत असणार." हातमोजेवाल्यांनी खुंट्या उतरवल्या, एकेक मऊ फडक्यात बांधली. मग ते चुंबकांकडे वळले. तिथला एक स्क्रू गंजून धरला होता. त्यांनी दोनदा जोर लावला, मग थांबले. स्क्रूचं डोकं झिजलं असतं.

"ताई, तुमच्याकडे काही बारीक हत्यार असेल का?"

बेबी जागची हलली नाही.

"आण की," मास्टर म्हणाले. "एवढं तरी जमेल ना तुला?"

बेबीने कामाची पिशवी आणली. लहानसा दिवा पेटवला, मेण कापायच्या सुरीचं टोक तापवलं आणि स्क्रूवर टेकवून धरलं. गंज सैल होईपर्यंत वाट पाहिली, मग पेचकस लावून अलगद फिरवला. स्क्रू ओरखडा न उमटता बाहेर आला. हातमोजेवाल्यांच्या तोंडून पहिल्यांदाच मनापासून शब्द निघाले. "काय हात आहे तुमचा," ते म्हणाले. मास्टरांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. स्क्रू तळहातावर घेऊन उभ्या असलेल्या बेबीला मात्र एव्हाना सगळं कळलं होतं. फडक्यात काय बांधलं जातंय आणि टेबलावर काय नुसतंच पडलंय, हे तिला दिसत होतं.

दोन्ही चुंबक आणि त्यांच्याखालची तारेची गुंडाळी पिशवीत गेली. हातमोजेवाल्यांनी मोजे काढले, घडी केली, आणि उठून हात जोडले.

"आणि ही?" मास्टरांनी विचारलं. टेबलावर भोकं पडलेलं तपकिरी लाकूड होतं.

"ती तुमच्याकडेच असू द्या. आठवण."

"पण दालनात..."

"दालनात याच बनावटीची एक आहे माझ्याकडे," हातमोजेवाले समजुतीने म्हणाले. "रंग अगदी कोरा. फक्त तिचे चुंबक कुणीतरी काढले होते. कितीतरी दिवस मूळचे मिळत नव्हते. तुमच्यामुळे ती पूर्ण झाली, उपकार झाले तुमचे."

"मग हिच्यात काय वाईट आहे?"

हातमोजेवाल्यांनी लाकडाकडे पाहिलं. सांगू की नको असं क्षणभर त्यांना झालं असावं. माणूस तसा वाईट नव्हता. "त्यावर नाव रंगवलंय ना," ते म्हणाले. "संग्रहाच्या दृष्टीने ती तिथेच वाया गेली. नाव नसतं तर अख्खी नेली असती मी. दुसऱ्या कुणालाही दाखवा, हेच सांगेल." मग ते बेबीला, येतो ताई, म्हणाले आणि जिना उतरून गेले.

मास्टर कोट घालूनच खुर्चीत बसले. लाकूड त्यांनी मांडीवर घेतलं होतं. जिथे चुंबक होते तिथे एक चौकोनी खड्डा पडला होता आणि त्यात इतक्या वर्षांची काळी धूळ होती. दुपार सरत आली. बेबीने टेबल पुसलं, आपलं हत्यार पिशवीत टाकलं.

"बेबी."

"काय?"

"घे." त्यांनी लाकूड पुढे केलं. "तुला हवी होती ना? घे."

"याला आता काही नाही उरलं, बाबा."

"तुझ्या हाताला एवढी पुरे."

मार खाल्लेला माणूस आधी इकडेतिकडे बघतो, आपल्याला कुणाला मारता येईल. घरात दुसरं कुणी नव्हतं. बेबीने हात पुढे केला नाही. लाकूड थोडा वेळ दोघांच्या मध्ये हवेत राहिलं आणि मग मास्टरांनी ते परत मांडीवर घेतलं.

मग ते वेगळ्याच आवाजात बोलले. असा आवाज बेबीने पूर्वी ऐकला नव्हता. त्यात मास्टर कुठेच नव्हते, एक म्हातारा होता. "एक सांग," ते म्हणाले. "नेलं ते नेलं. पण इतक्यांदा आला तो. बसला. वा म्हणाला. माझं वाजवणं थोडं तरी ऐकलंच असेल ना त्याने?"

खोटं बोलणं बेबीला अवघड नव्हतं. कामावर एखादा रोगी स्वतःच येऊन धडकला, की आरशासमोर धरून ती त्याला म्हणे, छान दिसताय, अगदी पहिल्यासारखे. त्यात तिचं काही जात नसे. आताही नुसतं हो म्हणायचं होतं.

"नाही ऐकलं," बेबी म्हणाली. "ऐकलं असतं तर वा म्हणाला नसता. तुम्ही बेसूर वाजवता, बाबा. प्रत्येक सूर उतरलेला असतो."

मास्टर तिच्याकडे बघत राहिले. "हात थरथरतो हल्ली," ते म्हणाले.

"हल्ली नाही. हात थरथरायच्या आधीपासून."

"केव्हापासून?"

"आई होती तेव्हापासून."

"तिला कळलं होतं?"

"तिलाच पहिल्यांदा कळलं. मला म्हणाली, त्यांना सांगू नकोस. बिचाऱ्यांकडे दुसरं आहे काय?"

नावाच्या सोनेरी अक्षरांवर मास्टरांचे दोन्ही तळवे पालथे पडले होते. हे ऐकायला माणूस जगला नसता तर बरं झालं असतं, असं काहीतरी बेबीच्या मनात येऊन गेलं. ते त्यांच्याबद्दल होतं की स्वतःबद्दल, हे तिला ठरवता आलं नाही आणि तिने ठरवलंही नाही.

ती आत गेली आणि भाजी चिरायला बसली. आता आपल्याला वाईट वाटेल म्हणून ती सुरी हातात धरून थांबली. बाहेरून काही आवाज येत नव्हता. वाईट वाटेना. तिला बरं वाटत होतं, फार बरं वाटत होतं, आणि सडकून भूक लागली होती.